तंबाखूपासून सुटका : एका संशोधनाची कथा



ज्या शाळेत मी पाढे पाठ केले, त्याच शाळेने आपल्या एका दिवंगत शिक्षकाच्या स्मरणार्थ चार शब्द बोलण्यासाठी मला बोलवावे, हा मी माझा मोठा सन्मान समजतो. सरांच्या नावाने होणाऱ्या व्याख्यानाचा विषय खरे तर गणिताचा असावयास हवा. परंतु गणित हे माझे क्षेत्र नव्हे, हे सर्वांच्या आधी सरांनीच ओळखले होते आणि माझ्या वडिलांना तसे स्पष्टपणे कळविलेही होते. माझ्या वहीत चुकलेल्या गणितावर त्यांनी लाल शाईची फुली मात्र कधी मारली नाही. समासात 'पुन्हा कर' एवढेच लिहिलेले असे. काही पानांवर ते तीन-तीनदा लिहिलेले आहे. ती वही माझ्याजवळ अजून आहे.

छातीच्या रोगांचा डॉक्टर म्हणून ह्या इंदूर शहरात मी चाळीस वर्षांहून अधिक काळ काम केले. माझा दवाखाना ज्या एका पदार्थाने सतत भरलेला ठेवला, त्या तंबाखूविषयी, किंबहुना तंबाखू सुटते कशी ह्याविषयी, मी आज बोलणार आहे. तंबाखू घातक आहे, एवढेच सांगावयाचे असते तर आपणांस येथवर येण्याची तसदी देण्याचे कारण नव्हते; ते पुडीवर चित्रासह छापलेले असते. घातक आहे हे ठाऊक असूनही ती सुटत का नाही, आणि ज्यांची सुटते त्यांची कशामुळे सुटते, हा अधिक अवघड प्रश्न आहे. त्याच्या शोधात काही संशोधकांनी उभे आयुष्य वेचले, आणि त्यांतील एक फार मोठा प्रयोग मुंबईच्या संशोधकांनी आपल्याच देशातील खेड्यांतून केला. ती हकीगत सांगण्यापूर्वी मला माझ्या एका चुकीची हकीगत सांगावयाची आहे. सरांच्या कन्या समोर बसल्या आहेत. त्यांच्या अनुमतीनेच मी हे बोलत आहे.

सरांना तंबाखूचे व्यसन होते. वर्गात त्यांनी कधीही तोंडात तंबाखू धरली नाही. तास संपला म्हणजे मागच्या ओट्यावर त्यांची चंची उघडे, डाव्या तळव्यावर उजवा अंगठा फिरू लागे. 1978 साली खोकल्याची तक्रार घेऊन सर माझ्या दवाखान्यात आले. मी तेव्हा नवशिका होतो आणि नवशिक्याला असावयाचा तेवढा अहंकार माझ्या ठायी होता. तपासताना सरांच्या गालाच्या आतल्या बाजूस एक पांढुरका चट्टा दिसला. मी म्हणालो, "सर, आपण शिक्षक. आपणच असे वागलात तर मुलांनी कोणाकडे पाहावे?" सर काही बोलले नाहीत. त्यांनी चंची खिशात ठेवली, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि ते निघून गेले. आपण आपले कर्तव्य चोख बजावले, असे समाधान त्या दिवशी मला वाटले.

त्यानंतर तीन वर्षे सर माझ्याकडे फिरकले नाहीत. 1981 साली आले ते त्याच जागी न भरणारी जखम घेऊन. मुंबईस शस्त्रक्रिया झाली. पुढचे दीड वर्ष त्यांनी धीराने काढले. अखेरच्या महिन्यांत मी रोज संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊन बसत असे. एके दिवशी धीर करून मी विचारले, "सर, मी रागावलो म्हणून आपण पुन्हा आला नाहीत का?" बोलणे त्यांना कष्टाचे झाले होते. नातवाची पाटी त्यांनी मागून घेतली आणि तीवर लिहिले, "रागावलास म्हणून नव्हे. सुटली नाही म्हणून. चार वेळा सोडली. पाचव्यांदा सुटली की तुला सांगावयास येणार होतो."

ज्या माणसाने चार वेळा प्रयत्न केला, त्याला मी निश्चय नसलेला माणूस समजलो होतो. आपला विद्यार्थी आपल्याला नापास करील, ह्या संकोचाने तो चट्टा तीन वर्षे कोणी पाहिला नाही. ह्या तीन वर्षांचे ओझे मी आजवर वाहत आलो आहे.

ही चूक माझ्या एकट्याची नव्हती. साऱ्या वैद्यकशास्त्राची समजूतच बराच काळ अपुरी होती. धूम्रपानाने फुप्फुसाचा कर्करोग होतो हे अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या 1964 सालच्या प्रसिद्ध अहवालाने जाहीर केले. परंतु त्याच अहवालाने धूम्रपानाला 'सवय' म्हटले, 'व्यसन' म्हटले नाही. निकोटीन हे हेरॉइन व कोकेन ह्यांच्यासारखेच व्यसन लावणारे द्रव्य आहे, असे त्याच कार्यालयाने निःसंदिग्धपणे म्हणावयास 1988 साल उजाडले. सवय म्हटली की ती मोडणे हा माणसाच्या मनोबलाचा प्रश्न ठरतो आणि न मोडल्यास दोष त्याच्याकडे जातो. व्यसन हा रोग मानला की दोष देण्याचे काम संपते आणि उपचाराचे काम सुरू होते. मधल्या चोवीस वर्षांत जगभरच्या डॉक्टरांनी किती रुग्णांना नुसते रागावून परत पाठविले असेल, ह्याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

ही दृष्टी पालटण्यात लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयातील मानसरोगतज्ज्ञ डॉ. मायकेल रसेल ह्यांचा वाटा मोठा आहे. 1971 पासून त्यांनी आग्रहाने मांडले की माणूस सिगारेट ओढतो तो निकोटीनसाठी. मरतो तो मात्र धुरातील डांबरामुळे आणि विषारी वायूंमुळे. ओढलेल्या धुरातील निकोटीन दहा-वीस सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते. तेथे मज्जापेशींवर ॲसिटिलकोलीन नावाच्या शरीरातल्याच एका द्रव्यासाठी जणू कुलपे असतात. त्यांत निकोटीनची किल्ली बेमालूम बसते. कुलूप उघडले की डोपामीन स्रवते आणि क्षणभर बरे वाटते. रोज हे घडू लागले की मेंदू अशा कुलपांची संख्या वाढवितो. पुढे सुमारे दोन तासांत रक्तातील निकोटीन निम्म्यावर येते, वाढलेली कुलपे रिकामी पडतात, आणि चिडचिड, अस्वस्थता, लक्ष न लागणे हे सारे सुरू होते. तंबाखू खाणारा म्हणतो, "चिमूटभर घेतली की डोके ताळ्यावर येते." त्याचे म्हणणे खोटे नसते, फक्त डोके ताळ्यावरून घालविण्याचे कामही त्याच चिमटीने केलेले असते. सोडल्यानंतरचे पहिले तीन-चार दिवस सर्वांत कठीण जातात आणि तीन-चार आठवड्यांत शरीराचा हा त्रास बराचसा ओसरतो. सर चार वेळा ह्या तीन-चार दिवसांच्या घाटात सापडले असतील, आणि घाट संपत आला आहे हे सांगणारा कोणी त्यांच्यापाशी नव्हता.

रसेल ह्यांचा एक साधा प्रयोग माझ्या मनावर कोरला गेला आहे. 1979 साली त्यांनी तो प्रसिद्ध केला. लंडनच्या 28 कौटुंबिक डॉक्टरांकडे आलेल्या 2,138 धूम्रपान करणाऱ्यांचे त्यांनी चार गट केले. काहींना काहीच सांगितले नाही. काहींना फक्त प्रश्नावली दिली. काहींना डॉक्टरांनी मिनिट-दोन मिनिटांत 'सोडा' असे सांगितले. आणि चौथ्या गटाला ह्या सल्ल्यासोबत एक पत्रक दिले व 'आम्ही पुन्हा चौकशी करणार आहोत' असे बजावले. पहिल्या महिन्यात सोडून वर्षअखेरपर्यंत टिकलेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात 0.3 टक्के होते. चौथ्या गटात 5.1 टक्के. शंभरातले पाच हे यश आपणांस क्षुल्लक वाटेल. परंतु दोन मिनिटांच्या कामाचे हे फळ आहे. देशातील प्रत्येक डॉक्टरने प्रत्येक रुग्णास ती दोन मिनिटे दिली, तर ह्या पाच टक्क्यांचे किती लाख होतील, हे सर मला फळ्यावर मांडावयास लावते.

रसेल लंडनमध्ये हे मांडत असताना स्वीडनमध्ये उपचाराचे साधन तयार होत होते. पाणबुडीत सिगारेट ओढता येत नाही. तेथील खलाशी मग तोंडात तंबाखू धरून तलफ भागवीत. 1967 साली लुंड येथील शरीरशास्त्रज्ञ क्लेस लुंडग्रेन ह्यांनी ही गोष्ट औषधनिर्मिती करणारे रसायनशास्त्रज्ञ ओवे फेर्नो ह्यांच्या कानी घातली, आणि त्यांतून निकोटीनच्या चघळण्याच्या गोळीची कल्पना निघाली. धूर नाही, डांबर नाही. फक्त तलफ भागण्यापुरते निकोटीन, आणि तेही हळूहळू कमी करावयाचे. इंदूरच्या श्रोत्यांना ह्यात काही ओळखीचे वाटेल. आपल्या कापडगिरण्यांत कापूस पेट घेईल म्हणून आत विडी ओढण्यास मनाई असे आणि खात्यातले कामगार तोंडात तंबाखूचा बार धरून पाळी काढीत. पाणबुडीतल्या खलाशांवरून त्यांनी औषध शोधले. हुकुमचंद मिल 1991 साली बंद पडली, तोवर तेच दृश्य आपल्या डोळ्यांसमोर होते आणि आम्हांस त्यांत फक्त घाणेरड्या भिंती दिसल्या. येथे मी स्वतःस वगळत नाही.

आता आपल्या देशाकडे वळतो. आपल्याकडे तंबाखू ओढण्यापेक्षा खाण्याचे प्रमाण अधिक, म्हणून आपला रोग फुप्फुसाइतकाच तोंडाचा. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. वसंत रामजी खानोलकर ह्यांनी 1944 सालीच मुखकर्करोगाच्या लागोपाठ आलेल्या 1,000 रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला होता. भारतातील विकृतिशास्त्राचा पाया ज्यांनी घातला, ते हेच खानोलकर. पुढे 1955 साली डॉ. एल. डी. संघवी, राव आणि खानोलकर ह्यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये तंबाखू ओढणे व खाणे आणि तोंड-घशाचे कर्करोग ह्यांचा संबंध दाखवून दिला. म्हणजे कारण आपल्याला लवकर कळले होते. उपाय करून पाहावयाचे राहिले होते.

ते काम अंगावर घेतले मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत. अणूंचा व ताऱ्यांचा अभ्यास चालणाऱ्या त्या संस्थेत दंतवैद्यकाच्या संशोधनाचा एक लहानसा विभाग होता, हे ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटते. दंतवैद्य डॉ. फली मेहता ह्या विभागाचे प्रमुख. कोपनहेगनचे प्रा. येन्स पिंडबोर्ग हे त्यांचे सहकारी. संख्याशास्त्राची बाजू सांभाळणारे तरुण प्रकाश गुप्ता, आणि पुढे माणसाच्या वागणुकीचा अभ्यास करणाऱ्या डॉ. मीरा अघी त्यांना येऊन मिळाल्या. रा. ब. भोंसले आणि दफ्तरी ह्यांच्यासारखे दंतवैद्य गावोगाव फिरत. अमेरिकेकडून आलेल्या धान्याच्या मोबदल्यात जे रुपये आपल्या देशात साठले होते, त्या पी. एल. 480 च्या निधीतून ह्या कामास साहाय्य मिळाले. त्या गव्हाच्या रांगेत उभे राहिलेले काही जण ह्या सभागृहात असतील.

ह्या मंडळींनी प्रथम नुसते पाहिले. पाच जिल्ह्यांतील 50,915 ग्रामस्थांची तोंडे तपासून त्यांनी 1969 साली अहवाल दिला. पुणे जिल्ह्यातील 1,01,761 ग्रामस्थांचा अहवाल 1972 साली आला. केरळातील एर्नाकुलम, गुजरातेतील भावनगर आणि आंध्रातील श्रीकाकुलम ह्या तीन जिल्ह्यांत मात्र ते तेवढ्यावर थांबले नाहीत. त्याच माणसांकडे ते दहा वर्षे पुन्हा पुन्हा जात राहिले. ह्या दहा वर्षांत त्यांच्या ध्यानी आले ते असे : मुखकर्करोग अचानक उद्भवत नाही. तो तंबाखू वापरणाऱ्यांतच दिसला आणि त्यापूर्वी तोंडात बहुधा एखादा चट्टा वा व्रण आधीपासून होता. सरांच्या गालात मला दिसला होता तो असाच चट्टा. म्हणजे निसर्ग आगाऊ सूचना देतो. ती वाचून पुढे काय करावयाचे, हा प्रश्न उरतो.

त्यानंतर त्यांनी जे केले ते जगात तोवर ह्या प्रमाणावर क्वचितच झाले असेल. ह्याच तीन जिल्ह्यांतील तंबाखू खाणारे व ओढणारे 36,471 लोक त्यांनी निवडले. प्रत्येकाची तपासणी केली आणि पुढे पाच वर्षे, दर वर्षी, घरी जाऊन ती पुन्हा केली. प्रत्येक वेळी त्या माणसाशी त्याच्या तंबाखूविषयी बोलणे झाले. जोडीला चित्रपट, भित्तिपत्रके अशी लोकशिक्षणाची साधने होती. सवयी प्रत्येक जिल्ह्यात वेगळ्या. श्रीकाकुलममध्ये स्त्रिया चुट्टा नावाची जाड चिरूट ओढतात, आणि तीही जळते टोक तोंडात धरून. एर्नाकुलमात विडी आणि तंबाखूचा विडा. त्यामुळे एकच उपदेश सर्वत्र चालणारा नव्हता. ह्या माणसाने तंबाखू का धरली आहे, तिच्याविषयी त्याची श्रद्धा काय आहे, हे आधी ऐकून घेणे आणि मग बोलणे, हे डॉ. अघी ह्यांचे काम होते. ज्या काळात मी सरांना सुनावून परत पाठविले, त्याच काळात हे लोक कोणा अनोळखी मच्छीमाराच्या वा शेतकऱ्याच्या ओट्यावर बसून त्याचे म्हणणे ऐकत होते.

पाच वर्षांचा निष्कर्ष 1986 साली 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तंबाखू सोडणाऱ्यांचे व कमी करणाऱ्यांचे प्रमाण आधीच्या पाहणीतील लोकांपेक्षा बरेच अधिक भरले, आणि एर्नाकुलममध्ये नव्या पांढऱ्या चट्ट्यांचे प्रमाण स्पष्टपणे खाली आले. ह्या प्रयोगात एक उणीव होती, तीही सांगितली पाहिजे. तुलनेसाठी घेतलेले लोक त्याच भागातले असले तरी आधीच्या काळातले होते. मधल्या काळात इतरही काही बदलले असेल, ही शंका राहते. तरीही एक गोष्ट प्रस्थापित झाली. निरक्षर, गरीब, पिढ्यान्‌पिढ्या तंबाखू वापरणारा माणूसदेखील ती सोडू शकतो, आणि सोडल्यावर त्याच्या तोंडाचे आरोग्य सुधारते. तोवर 'आपल्या लोकांना सांगून काय उपयोग' हे वाक्य आम्ही डॉक्टर सर्रास वापरीत होतो. ते वाक्य ह्या प्रयोगाने आमच्याकडून काढून घेतले.

मी पुष्कळ वेळा विचार केला आहे की त्यांच्या यशात नेमके काय कामी आले. चित्रपट असतील, पत्रके असतील. पण माझ्यासारख्या दवाखान्यात बसणाऱ्या माणसाला दिसते ते हे, की पुढल्या वर्षी कोणीतरी पुन्हा येणार आहे, हे त्या छत्तीस हजार लोकांना ठाऊक होते. सोडली असेल तरी येणार, आणि सुटली नसेल तरी येणार. हरलेल्या माणसाला तोंड लपविण्याचे कारण त्यांनी ठेवले नाही. रसेल ह्यांच्या चौथ्या गटातही 'पुन्हा चौकशी करू' हेच शब्द जास्तीचे होते.

प्रकाश गुप्ता ह्यांनी पुढेही ह्याच विषयात आयुष्य घालविले. 1991 ते 1997 ह्या काळात मतदारयाद्या हाती घेऊन त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत पस्तीस वर्षांवरील 1,48,173 लोकांची नोंद केली आणि काही वर्षांनी त्यांच्या दारी पुन्हा जाऊन कोण हयात आहे, कोण नाही, हे पाहिले. तंबाखू न वापरणाऱ्यांच्या तुलनेत सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांत मृत्यूचे प्रमाण 37 टक्क्यांनी, तर विडी ओढणाऱ्यांत 64 टक्क्यांनी अधिक आढळले. 'विडी म्हणजे पानच, तिने काय होते' असे म्हणणाऱ्यांना हे उत्तर आहे. आपल्या मध्यप्रदेशाला ते विशेष लागू पडते. तेंदूपानाचे आपण देशातील मोठे उत्पादक आहोत आणि 1964 पासून त्या पानाचा व्यापार शासनाच्या हाती आहे. जंगलात पाने तोडणाऱ्या आणि सागर-जबलपुराकडे विड्या वळणाऱ्या हातांच्या पोटाचा प्रश्न त्यात गुंतलेला आहे, हे मी विसरत नाही. परंतु त्या विड्या ओढणारी फुप्फुसेही बहुतांशी गरिबांचीच असतात.

घरातल्या मिश्रीकडेही त्यांचे लक्ष गेले. मुंबईतील 1,217 गरोदर स्त्रियांच्या पाहणीत, तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या बालकांचे जन्मतःचे वजन सरासरी 105 ग्रॅमने कमी भरले; 2004 साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. आपल्याकडे मिश्रीला कोणी व्यसन म्हणत नाही, दात घासणे म्हणतात. म्हणून मी आता स्त्रीरुग्णाला 'तंबाखू खाता का' असे विचारीत नाही. 'दात कशाने घासता, दिवसातून किती वेळा' असे विचारतो.

उशिरा सोडून काय लाभ, असे वयस्क मंडळी विचारतात. इंग्लंडमध्ये रिचर्ड डॉल ह्यांनी तेथील डॉक्टरांच्याच धूम्रपानाचा पन्नास वर्षे पाठपुरावा केला आणि 2004 साली हिशेब मांडला. तिसाव्या वर्षी सिगारेट सोडली तर आयुष्याची सुमारे दहा वर्षे वाचतात. चाळिसाव्या वर्षी नऊ, पन्नासाव्या वर्षी सहा आणि साठाव्या वर्षीही तीन. साठीच्या मित्रांनो, तीन वर्षांत नातू शाळेत जाऊ लागतो.

आता आजची स्थिती. 2016-17 सालच्या राष्ट्रीय पाहणीनुसार भारतातील 28.6 टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरत होते. मध्यप्रदेशात हे प्रमाण 34.2 टक्के होते. 2012 साली गुटख्यावर बंदी घालणारे आपले राज्य देशात पहिले, ह्याचा अभिमान जरूर बाळगावा. पण मसाल्याची एक पुडी आणि तंबाखूची दुसरी अशा दोन पुड्या घेऊन तोंडात गुटखा तयार होऊ लागला, हेही आपण रोज पाहतो. त्याच पाहणीतील एक आकडा मला अस्वस्थ करतो. डॉक्टरकडे वा आरोग्यसेवकाकडे गेलेल्या धूम्रपान करणाऱ्यांपैकी 48.8 टक्के लोकांनाच 'सोडा' असे सांगण्यात आले होते. तंबाखू खाणाऱ्यांत हे प्रमाण 31.7 टक्के. म्हणजे खाणाऱ्या दर तिघांपैकी दोघांना कोणी एका शब्दाने विचारले नाही. मी निदान रागावलो तरी होतो, असे म्हणून मी स्वतःचे समाधान करून घेऊ शकत नाही. परिणाम तोच झाला.

साधने आज आहेत. निकोटीनची गोळी व पट्टी जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीत 2009 साली आली; व्हॅरेनिक्लीन आणि बुप्रोपिऑन ही औषधे 2021 साली. निकोटीनची गोळी पानासारखी चघळत राहावयाची नसते. थोडी चावून गालात ठेवावयाची, मग पुन्हा थोडी चावावयाची. हे न सांगितल्यामुळे कित्येकांचा घसा जळतो आणि औषध निरुपयोगी ठरते. 1800-11-2356 हा शासनाचा दूरध्वनी 2016 पासून विनामूल्य सल्ला देत आला आहे. तो लिहून घ्यावा. व्यसन किती पक्के आहे हे ओळखण्याची एक सोपी कसोटी स्वीडनचे कार्ल फागरस्ट्रॉम ह्यांनी दिली : सकाळी उठल्यापासून पहिली सिगारेट किती मिनिटांत पेटते? पाच मिनिटांच्या आत असेल तर व्यसन खोलवर गेले आहे आणि नुसत्या निश्चयावर विसंबू नये, औषधाची मदत घ्यावी. चिमटीलाही हाच प्रश्न लागू आहे.

सरांच्या निधनानंतर मी माझी पद्धत बदलली. एका गिरणीकामगाराने मला ठणकावून सांगितले होते, "डॉक्टर साब, बीडी तो कब की छोड़ दी, अब तो दिन में चार-पाँच ही पीता हूँ." पूर्वी मी हसलो असतो किंवा चिडलो असतो. मी म्हणालो, "पंचविसाच्या चारवर आलात, हे सोपे नाही. पुढल्या सोमवारी या." तो सोमवारी आला. त्यानंतर बारा सोमवार आला. मध्ये दोनदा त्याची गाडी पुन्हा पंचविसावर गेली, पण तो येत राहिला. अखेर त्याची सुटली. माझ्या हातून ज्यांची सुटली त्यांपैकी बहुतेकांची पहिल्या खेपेस सुटलेली नाही. जे पुन्हा आले त्यांची सुटली. त्यांनी पुन्हा यावे असे वागणे, एवढेच कौशल्य मला थोडेफार साधले.

विद्यार्थी मित्रांनो, शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकता येत नाही, असा कायदा 2003 पासून आहे. तो पाळला जातो की नाही, हे फाटकाबाहेर तुम्हीच मोजून पाहा आणि मुख्याध्यापकांना सांगा. सरांनी हे उदाहरण भूमितीत घातले असते. घरी आजोबांची चंची किंवा काकांची विडी असेल तर त्यांना उपदेश करू नका आणि ती लपवूही नका. 'किती वेळा सोडून पाहिलीत?' एवढे विचारा आणि ते सांगतील ते ऐका. मग एक तारीख ठरवावयास सांगा. पहिले चार दिवस रोज चौकशी करा. पुन्हा सुरू झाली तर दुसरी तारीख ठरवा.

माजी विद्यार्थ्यांपैकी जे डॉक्टर, परिचारिका, औषधविक्रेते आहेत, त्यांना माझी विनंती आहे की त्यांनी दर रुग्णास ती दोन मिनिटे द्यावीत, आणि परत येण्याचा दिवस चिठ्ठीवर लिहावा.

सरांनी त्या पाटीवर जे लिहिले, ते मी त्यांच्या देखत पुसू शकलो नाही. त्यांनीच पदराशी बसलेल्या नातवाकडे पाटी दिली आणि बोटाने खूण केली. त्याला पाढे लिहावयाचे होते. तो नातू आज ह्या शाळेचा माजी विद्यार्थी म्हणून मागच्या रांगेत बसला आहे. त्याने तंबाखूला स्पर्श केलेला नाही, असे त्याने मला सभेपूर्वी सांगितले. पुढल्या वर्षी मी त्याला पुन्हा विचारणार आहे.